सातव्या थांब्यावरची दोन मिनिटं

आमच्या चार नंबरच्या शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला ज्या बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि मी तर त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. माझ्या बायकोनं एकदा त्यांना पाहिलं आणि घरी आल्यावर विचारलं, "ही तुमची मावशी तुमच्या आईची कितवी बहीण म्हणायची?" तरी नाव काही बदललं नाही. त्या मला दादा म्हणत, मी त्यांना मावशी म्हणे, आणि अशा उलट्यासुलट्या नात्यात आम्ही एका बसमध्ये अकरा वर्षं काढली. मी गाडी चालवायचो, त्या मुलं सांभाळायच्या. दोन्हींतलं अवघड काम कुठलं, यावर आमचा वाद कधी झाला नाही. ते दोघांनाही माहीत होतं.

अंगानं बारीक, चाल झपाझप, आणि आवाज असा की पुढच्या दारात उभ्या राहून मागच्या बाकावरची खुसफुस बंद पाडायच्या. खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात ओला रुमाल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सेफ्टी पिना, केसांची रबरं, लिंबाच्या गोळ्या आणि एक मोजा. जोडी नाही, एकच. मी विचारलं तर म्हणाल्या, "मुलं एका वेळी एकच हरवतात."

बसमध्ये अडतीस मुलं, चौदा थांबे. हजेरीची यादी होती, पण मावशींचा विश्वास हातावर. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायच्या. यादीतली नावंही त्यांना फारशी लागायची नाहीत. एक होता रेडिओ, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे. एक चष्मा, एक दोन वेण्या. सातव्या थांब्यावरून चढणारी चौथीतली मुलगी होती पेन्सिल. उंच, किडकिडीत, डोक्यावर केस गच्च बांधलेले. कमी बोलायची. चढताना उजव्या हातानं दांडी धरायची, खिडकीशी बसायची आणि शाळा येईपर्यंत बाहेर बघत राहायची. आई चष्मे विकणाऱ्या दुकानात कामाला. वडील दूर कुठेतरी, महिन्यातून दोनदा घरी येत.

या पेन्सिलला एक दिवस गणिताच्या तासाला वर्गात उलटी झाली. बाकावर, वहीवर, शेजारणीच्या दप्तरावर. सगळा वर्ग ढकलाढकली करत मागे सरला. त्या दुपारी परतताना रेडिओनं सातवा थांबा येईपर्यंत ओकारीचे आवाज काढले. मावशींनी त्याचा कान धरला, तो गप्प झाला, आणि मावशींना वाटलं, विषय संपला. पेन्सिल उतरली ती मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी कळलं की तिला कावीळ झाली आहे. अडीच महिने ती शाळेत आली नाही.

बरी होऊन ती थांब्यावर आली तो सोमवार मला चांगला आठवतो. गणवेश सैल झालेला, दप्तर नवीन, शेजारी आई. मी बस थांबवली, मावशींनी दार ओढलं. "ये गं, किती दिवसांनी," असं म्हणून हात पुढे केला. पेन्सिल एक पाऊल पुढे आली आणि थांबली. पायरीकडे बघत राहिली.

"चल ना," आई म्हणाली.

"पोटात दुखतंय."

"घरी तर नव्हतं दुखत."

"आता दुखतंय."

मी घड्याळ पाहिलं. सात वीस. पुढे सात थांबे आणि रेल्वेचं फाटक. मी हॉर्न दिला. ती इतकी दचकली की आईच्या मागेच गेली. मावशींनी दार लावलं आणि आम्ही निघालो.

मंगळवारी तेच झालं, बुधवारीही तेच. पोटदुखी खोटी नव्हती, हे मी आज सांगतो. तेव्हा मी म्हणालो, "मावशी, नाटकं आहेत सगळी. अडीच महिने घरी लाड झाले, आता कशाला यावंसं वाटेल?" मला वाटतं मावशींनाही थोडं तसंच वाटत असावं. कारण गुरुवारी त्या बसमधून खाली उतरल्या, आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जा. एकदा बसली की विसरेल," आणि पेन्सिलला कमरेत धरून उचललं, आत आणलं, बसवलं आणि दार ओढून घेतलं. मी गाडी हलवली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, कागदासारखा. दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची दांडी धरलेली. नववा थांबा गेला, दहावा गेला. अकराव्याला मावशी तिच्याजवळ वाकल्या आणि पटकन आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली. तिचा गणवेश ओला झाला होता. मागच्या मुलांना कळू नये म्हणून मावशी उरलेला रस्ता तिच्या आड उभ्या राहिल्या, दांडी न धरता, माझ्या प्रत्येक ब्रेकला हेलपाटत.

शाळेत तिला थेट दवाखान्याच्या खोलीत नेलं. आईला दुकानातून बोलवून घेतलं. शुक्रवारी सातव्या थांब्यावर कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही.

सकाळची फेरी आठला संपली की दुपारी साडेबारापर्यंत आमची बस शाळेच्या मागच्या आवारात उभी असायची. मी टायर बघायचो, पेपर वाचायचो. मावशी बस झाडायच्या. त्या आठवड्यात त्या झाडायच्या, पण तोंडातून शब्द नाही. एरवी कोणाच्या बाकाखाली काय सापडलं याची बातमीपत्रं चालायची. बुधवारी त्या झाडू हातात धरून मधल्या बाकावर बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या.

बसच्या आधी त्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. चौदा वर्षं. ओल्या चादरी यंत्रातून काढायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. त्यात मनगटं गेली म्हणून ते काम सोडलं. हे मला माहीत होतं. नवरा छापखान्यात होता आणि लवकर गेला, हेही माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. तो गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. महिन्याभरानं तिला परत शाळेत पाठवायची वेळ आली तेव्हा ती जायला तयार होईना. घराच्या दारालाच मिठी मारायची. धुलाईघराची पाळी सातला सुरू व्हायची. पाच मिनिटं उशीर झाला तर पहिल्यांदा बोलणी, दुसऱ्यांदा खाडा.

"मी ओढत न्यायची हो तिला," मावशी म्हणाल्या. "एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात ती. शाळेच्या फाटकात शिपायाच्या हाती द्यायची आणि मागे न बघता निघायची. बघितलं असतं तर मला जाता आलं नसतं. दोन महिने असं केलं. मग ती गप जायला लागली. मला वाटलं, सुटली भीती. आजवर लोकांना तेच सांगत आले, की मुलांना एकदा बसवलं की ती विसरतात."

"मग?"

"परवा त्या पोरीला उचललं ना, तर हाताला ओळखीचं लागलं. अंग असं लाकडासारखं. माझी पण अशीच व्हायची."

मावशींची ती मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची. रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे राहायची. त्या रविवारी दुपारी मावशी तिच्याकडे गेल्या. काय बोलणं झालं, ते सोमवारी त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

मुलगी भांडी पुसत होती. मावशींनी विचारलं, "पहिलीत असताना मी तुला ओढत शाळेत न्यायचे, ते आठवतं का तुला?"

"आठवतं की."

"काय आठवतं?"

मुलगी म्हणाली, "तुझी अंगठी. हात आवळून धरायचीस, तिचा वळ दुपारपर्यंत राहायचा. तो वळ जाईपर्यंत मला बरं वाटायचं. तो गेला की वाटायचं, आता आई पण गेली."

मावशी म्हणाल्या, "मला कधी बोलली नाहीस."

"बाबा सकाळी कामाला गेले ते आलेच नाहीत. तू पण सकाळीच जायचीस. मला शाळेची भीती नव्हती गं आई. तू परत येशील की नाही याची होती."

"मग गप कशी झालीस?"

"रडून काही होत नाही, हे कळलं म्हणून."

 मग मावशींनी विचारलं, "मी काय करायला हवं होतं तेव्हा? पाळी तर सातचीच होती." मुलीनं आईवर दोष ठेवला नाही. एवढंच म्हणाली, "एकदा विचारायचंस, कशाची भीती वाटते म्हणून. उचलायच्या आधी."

सोमवारी सकाळची फेरी संपल्यावर मावशी म्हणाल्या, "दादा, माझ्याबरोबर येता का? पेन्सिलच्या घरी जायचंय. एकटीला धीर होत नाही." मला काय पडलं होतं, पण गेलो.

दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. आई त्या दिवशी दुकानात उशिरा जाणार होती. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत. आम्हाला बघून तिनं आधी दार पूर्ण उघडलंच नाही. तिचं चुकलं म्हणता येत नाही. मावशी दारातच म्हणाल्या, "ताई, मी माफी मागायला आलेय. तुमची नाही, तिची."

पेन्सिल टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती. मावशी खाली फरशीवर बसल्या, टेबलापासून चार हात लांब. मी दाराशी चपला पायात ठेवूनच उभा.

"मी तुला उचललं ते चुकलं," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं मला जास्त कळतं. यापुढे तुझ्या मर्जीशिवाय मी तुला हात लावणार नाही. मोजायला डोक्याला लावते तोसुद्धा नाही."

टेबलाखाली रंगीत खडूचा आवाज थांबला.

"एक विचारू? बसमध्ये कशाची भीती वाटते? नाही सांगितलंस तरी चालेल."

आई पटकन म्हणाली, "अगं सांग ना, त्या विचारतायत." मावशींनी हातानंच तिला थांबवलं.  मी माझ्या पायांकडे बघत होतो. मला अशी शांतता सहन होत नाही. मी काहीतरी बोलणार इतक्यात टेबलाखालून आवाज आला.

"दार बंद झाल्यावर उतरता येत नाही."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या.

"आणि उलटी आली तर सगळे बघतात. काका थांबत नाहीत."

काका म्हणजे मी. मला बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, कानफटात बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं वेळेवर गाडी पोचवतो म्हणून छाती फुगवून हिंडणारा माणूस मी. या पोरीच्या हिशेबात मी म्हणजे न थांबणारे काका.

"काका थांबतील," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी मान हलवली. तिला दिसली की नाही कोण जाणे.

मग मावशींनी तिला विचारलं की नुसती उभी असलेली बस बघायला येशील का, मुलं नसताना, आईबरोबर. ती लगेच हो म्हणाली नाही. पण बुधवारी दहा वाजता शाळेच्या मागच्या फाटकातून दोघी आल्या.

आमच्या बसचं पुढचं दार हातानं ओढायचं असतं आणि आतून खटका लावायचा. मावशींनी तो खटका पेन्सिलला दाखवला. "हा तू लाव, तूच काढ." तिनं लावला, काढला, लावला. पहिल्या दिवशी तिनं ते दार किती वेळा उघडबंद केलं असेल, देवच जाणे. बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या. मी तेलाची बाटली आणली आणि म्हणालो, "दाराला आज पुरे झालं, आता त्याला विश्रांती हवी." तेव्हा ती पहिल्यांदा हसली, ओठ मिटूनच. दुसऱ्या दिवशी ती आत खिडकीशी बसली, दार तिनंच लावलं. तिसऱ्या दिवशी मी आवारात बसचा एक गोल फेरा मारला आणि ती "थांबा" म्हणाली तिथे थांबलो. खरं तर ती तीनदा म्हणाली, तिन्हीदा थांबलो. तिला खात्री करून घ्यायची होती.

हे सगळं गुपचूप चाललं नव्हतं. शाळेच्या गाड्यांचं बघणारे साहेब एक दिवस कपाळाला आठ्या घालून आले. "ही बस आहे का दवाखाना? पालकांना गाडीत बसवायची परवानगी कुणी दिली?" मावशी त्यांच्यासमोर कधी जास्त बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, मी तिला जबरदस्तीनं बसवलं तेव्हा कुणाची परवानगी घेतली नव्हती. तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत."  आमचं नशीब, पेन्सिलच्या वर्गाच्या बाई तिथून जात होत्या. तरुण बाई, नोकरीचं दुसरंच वर्ष. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "त्या दिवशी मी तिला तोंड धुवायला पाठवलं आणि गणित पुढे सुरू केलं. पोर्शन मागे होता." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "आईला बसमध्ये बसवायची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून आणते."

त्यांनी आणलीही. शिवाय वर्गात पेन्सिलची जागा दाराजवळ केली. बाहेर जायचं असेल तर विचारायचं नाही, बाकावर निळी पट्टी उभी ठेवायची आणि जायचं, असं ठरवलं. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, मग आईनं न्यायचं. अडीच महिन्यांचा अभ्यास रोज थोडा थोडा देऊ, पण त्याबद्दल वर्गात चकार शब्द काढणार नाही, असंही म्हणाल्या.

राहिली होती बसमधली मुलं. ते मावशींनी एका सकाळी उरकलं. शाळेच्या आधीच्या सिग्नलला गाडी थांबली होती. मावशी मधोमध उभ्या राहिल्या. "या बसमध्ये आजवर कोण कोण ओकलंय? हात वर करा."

कुणी हलेना.

"मी नावं सांगू? माझ्याकडे सगळा हिशेब आहे. माझ्या साडीवर कोण, बुटात कोण, खिडकीतून कोण."

चष्म्यानं हात वर केला. मग दोन वेण्यांनी. मग मागून चार-पाच. शेवटी रेडिओनं केला, कोपरापर्यंतच. मावशी म्हणाल्या, "नीट वर कर. दुसरीत असताना सहलीला माझी अख्खी पिशवी भरलीस तू." बस खो खो हसली. तोही हसला. मी आरशात बघत माझाही हात वर केला. "काका पण?" कोणीतरी ओरडलं. "नवीन होतो तेव्हा," मी म्हणालो, "घाटात." हे खरं आहे, आणि घरी मी हे अजून सांगितलेलं नाही. मावशींनी पुढे उपदेश केला नाही. सिग्नल सुटला, आम्ही निघालो.

मग पेन्सिल आईबरोबर सातव्या थांब्यावरून आठव्यापर्यंत यायला लागली. चारशे पावलांचा रस्ता. आठव्याला दोघी उतरायच्या आणि चालत घरी. नंतर दहाव्यापर्यंत. या सगळ्याला वेळ लागायचा, निदान दोन मिनिटं. मी घरून दहा मिनिटं आधी निघायला लागलो, पहिल्या थांब्यावरच्या पालकांना वेळ बदलल्याचं सांगितलं. एक-दोघे कुरकुरले. मी म्हणालो, गाडी जुनी झालीय, तापायला वेळ लागतो. गाडीनं माझ्यासाठी अनेकदा दोष घेतला आहे.

असं वाटलं की आता जमलं. पण मध्ये चार दिवसांची सुट्टी आली आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पेन्सिल थांब्यावर उभी, पाय हलत नाही, ओठ पांढरे. आईचा धीर सुटला. फुटपाथवर तशीच खाली बसली आणि रडायला लागली. "माझ्याच्यानं आता होत नाही हो मावशी. दुकानात रोज काय सांगू मी? सगळे म्हणतात, तूच बिघडवलीस."

मावशी तिच्या शेजारी बसल्या. बस उभी, मुलं खिडकीत, मागे दोन गाड्यांचे हॉर्न. मी खाली उतरून त्या गाड्यांना बाजूनं काढलं.

"तुम्ही नाही बिघडवली," मावशी म्हणाल्या. "मी माझ्या मुलीला दोन महिने ओढत नेलं, तुम्ही रोज हिच्याजवळ उभ्या राहिलात. मला तेव्हा एवढं जमलं नव्हतं." मग पेन्सिलला म्हणाल्या, "आज नाही तर नाही. फक्त बसला हात लावून जा."

पेन्सिल पुढे आली. पिवळ्या पत्र्यावर तळवा टेकवला.

"झालं. आजची हजेरी लागली," मावशी म्हणाल्या, आणि यादीत खरंच काहीतरी लिहिलं. नंतर मी पाहिलं तर तिच्या नावापुढे हाताचा पंजा काढला होता, पाच बोटं, वेडीवाकडी.

असे पंजे त्या आठवड्यात तीन लागले. चौथ्या दिवशी ती चढली. आईला म्हणाली, "तू नको येऊस. तू दुकानात जा." आई तिथेच उभी राहिली, हात वर करायचा की नाही हे न कळून अर्धाच वर केलेला. पेन्सिलनं दार स्वतः ओढलं, खटका लावला आणि सगळ्यात पुढे मावशींशेजारी बसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी धरलेली. नववा, दहावा, अकरावा. बाराव्या थांब्याच्या अलीकडे तिचा श्वास जोरात चालू झाला. ती म्हणाली, "काका, थांबा."

पुढे फाटक होतं, लाल दिवा लुकलुकायला लागला होता. आता थांबलो तर गाडी जाईपर्यंत अडकणार हे मला कळत होतं. मी बाजूला घेऊन थांबलो. तिनं खटका काढला, खाली उतरली, रस्त्याकडेच्या खांबाला धरून उभी राहिली. मावशी तिच्यामागे उतरल्या, हात मागे बांधून. बसमध्ये रेडिओसुद्धा बंद. फाटक पडलं, मालगाडी गेली. मी डबे मोजत होतो, सत्तावन्न होते. फाटक वर गेलं तेव्हा पेन्सिल परत आली आणि जागेवर बसली. उलटी झाली नव्हती.

"दार," मावशी म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली आणि तिनं लावलं.

त्या दिवशी शाळेत आम्ही सहा मिनिटं उशिरा पोचलो. साहेब फाटकातच उभे होते. त्यांनी पेन्सिलला उतरताना पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. परीक्षेपर्यंत ती अर्धा दिवसच शाळेत बसायची. निळी पट्टी पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा वेळा उभी राहायची, मग दोनदा, मग बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती पट्टी रेषा मारायला वापरायला लागली. मधूनच एखादा सोमवार वाईट निघायचा. पण पाचवीत ती पूर्ण दिवस येऊ लागली आणि माझ्या मते सहावीत तिनं रेडिओला एकदा चांगलं झापलंही, कशावरून ते मला पुढून ऐकू आलं नाही.

मावशींना मात्र नसती प्रसिद्धी मिळाली. दर वर्षी शाळा सुरू होताना कोणीतरी आई, आजी, काका बसजवळ यायचे. "आमचं पोर येत नाही हो. तुम्ही काय करता नक्की?" मावशींना ते सांगता यायचं नाही. त्या म्हणायच्या, "काही नाही. विचारते." लोकांना वाटायचं त्या खरं सांगत नाहीत. काहींना जमलं, काहींना नाही. एक मुलगा होता, त्याची शाळा शेवटी बदलावीच लागली. त्याच्याबद्दल मावशी बरेच दिवस हळहळत होत्या.

त्यांच्या आणि त्यांच्या मुलीच्या बोलण्यातही त्या रविवारपासून फरक पडला, असं त्या म्हणायच्या. आधी फोन दोन मिनिटांचा. जेवलीस का, बरी आहेस का, ठेव. आता मुलगी प्रयोगशाळेतून सुटली की शाळेच्या मागच्या फाटकापाशी येऊन थांबायची आणि दोघी चालत घरी जायच्या. एकदा मी सोडतो म्हणालो तर मावशी म्हणाल्या, "नको दादा, चालतच बरं. रस्ता संपू नये असं वाटतं."

मागच्या महिन्यातली गोष्ट. पेन्सिल आता आठवीत आहे. यंदापासून तिनं बस सोडली. मैत्रिणींबरोबर सायकलवर जाते. आम्ही रेल्वेच्या फाटकाला थांबलो होतो. चार मुली सायकली घेऊन बसच्या शेजारी उभ्या राहिल्या, मोठमोठ्यानं बोलत, एकमेकींच्या अंगावर पडत. त्यात ती होती. केस कापून आखूड केलेले. खिडकीतून हात लांब केला असता तर तिला लागला असता इतकी जवळ. मी मावशींना खुणेनं दाखवलं. मला वाटलं, ती वर बघेल, ओळखेल, हात करेल. फाटक उघडलं आणि चौघीजणी हसत पुढे निघून गेल्या. तिनं बसकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला जरा वाईट वाटलं. मी मावशींकडे पाहिलं, तर त्या हसत होत्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "चला दादा, मागचे हॉर्न देतायत."